दहा लाख तीनची स्थळं

येडगावला धरणाच्या कडेला आमचं घर. मी हायस्कूलात गणित शिकवायचे, हे शेती बघायचे. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी लाइट गेली की ओट्यावर कंदील घेऊन दोघं गप्प बसायचो. नव्वदीतल्या अशाच एका संध्याकाळी यांनी मध्येच विचारलं, "मास्तरीणबाई, दहा लाख तीनला कशानं भाग जातो?"

एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग गेला नाही, तर ती मूळ संख्या. पण एवढी मोठी संख्या नुसती बघून काय कळतंय! लहान मूळ संख्यांनी एकेक करून भागावं लागतं. बरं, हजारापर्यंतच बघायचं. दोन्ही भाजक हजाराच्या वरचे घेतले तर गुणाकार दहा लाख तीनच्या पुढं जातो.

सातानं भागलं, अकरानं, तेरानं. तिन्ही वेळा बाकी चारच. यांना हसू आवरेना. "येवढी स्थळं आली, येक पसंत न्हाई! लई मानी हाय राव आपली पोरगी."

आपली म्हणाले. मला भरून आलं. पण मी आपली कागदातच बघत राहिले.

मग रोजचंच झालं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी भागायचे, हे गुणून ताळा करायचे. शेजारीण विचारायची, "येवढं भागून व्हतंय काय वो?" हे म्हणायचे, "पोरगी उजवायचीय!"

नऊशे सदुसष्टपर्यंत आलो आणि यांच्या छातीत दुखायला लागलं. पुण्याला न्यायला जीप आली. आत बसताना म्हणाले, "माझ्याबिगर उरकू नको बरं का."

परत आले नाहीत. मी ते कागद फडताळात टाकले. वर्गात मूळ संख्यांचा धडा आला की फळ्याकडं तोंड करूनच शिकवायचे.

पुढं काही वर्षांनी अवसरीला बहिणीकडं गेले होते. तिच्या मुलानं नवा कॉम्प्युटर घेतला होता. बोलता बोलता माझ्या तोंडून संख्या गेली. "थांब मावशी, आत्ता सांगतो," म्हणत त्यानं हात पुढं केला.

"खबरदार बटण दाबलंस तर!"

पोरगा दचकलाच. बहीण म्हणाली, "अगं, येवढं काय झालं?" काय सांगू तिला, कप्पाळ! आमच्या पोरीचं त्या डबड्यानं सांगायचं? मग मीच का नाही? दुपारच्या एसटीनं तडक घरी आले.

कागद काढले, ओट्यावर बसले. पाच स्थळं राहिली होती. चार गेली. शेवटचं नऊशे सत्त्याण्णव. बाकी बारा. ताळाही मीच केला.

"अहो," मी मोठ्यांदा म्हटलं, "हाही नको म्हणतीय."

आणि वेड्यासारखी यांच्या हसण्याची वाट बघत बसले.