हौसेरावाचा हुक

आमच्या नाटकमंडळीच्या ट्रंका हौसेराव दोन-दोन उचलायचा आणि मग विंगेत उभा राहून अख्खा प्रयोग बघायचा, तेव्हापासून मी त्याला ओळखते. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात त्याने तीस वर्षं पोती वाहिली. गेली दोन वर्षं मात्र पोत्यात अडकवायचा त्याचा लोखंडी हुक तुर्भ्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेला होता. माणदेशातले नऊ गाववाले त्या एका खोलीत राहतात. पहाटे आठ जण बाजारात जात, हौसेराव मागे उरे.

त्याच्या यकृतात पाण्याने भरलेली गाठ निघाली होती. लहानपणी मेंढरांमागे हिंडताना कुत्र्यापासून जंताची अंडी पोटात गेली असणार, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. गाठ लहान, कापायची गरज नाही. पण दणका बसून फुटली तर जिवावर बेतेल. तेव्हा ओझं बंद आणि दर सहा महिन्यांनी रक्ताची तपासणी. जंताशी लढायला शरीराने उभे केलेले सैनिक, म्हणजे अँटीबॉडी, त्यात मोजतात, एवढं त्याला कळलं होतं.

तिथेच घोटाळा झाला. प्रत्येक रिपोर्टात सैनिक घटत होते. माणसं कमी होतायत म्हणजे हौसेराव हरतोय, असं खोलीने धरलं. मग त्याला रोज पायाचा रस्सा, आणि साधी बादली उचलायलाही बंदी. हमालांच्या टोळीचा मुकादम रावसाहेब म्हणाला, येत्या दसऱ्यापर्यंत त्याची जागा राखतो. तोवर हौसेरावाचा पुतण्या बाबासो त्याच्या बदलीवर. दसऱ्याला टोळीतले हुक ओळीने मांडून पुजतात. ज्याचा हुक ओळीत, तो टोळीत.

दसऱ्याआधी मी त्याच्याबरोबर दवाखान्यात गेले. रिपोर्ट बघून बाई हसल्या, हा पांढराफटक.

"माजं सैन्य संपलं म्हना," तो पुटपुटला.

बाईंनी विचारलं, गाडी रिकामी झाली की तुमची टोळी काय करते?

"घरी जाती."

तसंच हे, त्या म्हणाल्या. जंत बहुधा आपोआप मेलाय, म्हणून सैनिक परततायत. सोनोग्राफीतही गाठीवर चुन्यासारखं कवच दिसतंय.

मी टाळी वाजवायच्या बेतात होते. हौसेरावाने मात्र कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "मग ह्ये एवढं कशाला थांबल्यात?"

शत्रू मेल्यावरही काही सैनिक वर्षानुवर्षं राहतात, बाई म्हणाल्या. किंवा आत अजून थोडा जीव असेल. खात्रीने सांगता येत नाही. आणखी एक वर्ष ओझं नको.

"म्हंजे मेलाबी आसंल, न्हायबी."

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

दसऱ्याला खोलीत सतरंजीवर सात हुक मांडलेले होते, झेंडूने झाकलेले. आठवी, हौसेरावाची जागा रावसाहेबाने मोकळी ठेवली होती. हौसेराव उठला, खिळ्यावरून हुक काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि बाबासोपुढे धरला.

"काका, वर्षभर थांबू की," बाबासो हात मागे घेत म्हणाला.

"त्यो आत मेलाय का जिता, ह्ये बघत बसायला मी हाय. गाडी थांबत न्हाय. मांड."

बाबासोने हुक मांडला. जेवणं झाल्यावर कुणीतरी भिंतीवरचा रिकामा खिळा उपटायला गेला. हौसेरावाने त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे त्यो," म्हणाला.