ओली पट्टी

माझी शेवटची पोस्टिंग मिलिटरी हॉस्पिटलच्या सर्जिकल वॉर्डात होती. मी नर्सिंग असिस्टंट. सकाळी ड्रेसिंगची ट्रॉली लावायची, मग मेजर साहेबांचा राउंड. हाड जोडायला प्लेट बसवलेला जवान असला की साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पट्टी कोरडी?" ओली असली तर आत पू धरला असं समजायचं आणि लगेच रिपोर्ट करायचा. एवढा साधा नियम. पण जवान कसले ऐकतात! मेडिकल कॅटेगरी खाली जाईल, बढती अडकेल म्हणून ओल्या पट्टीवर कोरडी गुंडाळून हसत पडून राहायचे. त्यांच्यापुढे मी हात टेकले होते.

रिटायर होऊन फुलसावंगीला आलो, तर शेजारच्या तांड्यावर तसाच एक नग भेटला. माजी हवालदार रामधन, इन्फन्ट्रीचा. भरतीची तयारी करणाऱ्या तांड्यावरच्या मुलींना तो रोज मैदानावर पळवायचा. कण्हणाऱ्याला त्याच्याकडे जागा नव्हती. मोटरसायकल घसरून त्याची नडगी मोडली. यवतमाळला ऑपरेशन झालं, प्लेट बसली. ताप आला किंवा जखम पाझरली तर त्याच दिवशी या, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

तेव्हा मी लेकीकडे गेलो होतो. परतल्यावर त्याला भेटायला गेलो, तर पठ्ठ्या मैदानावर खुर्ची टाकून बसलेला, तोंडात शिट्टी, पायाला पांढरीशुभ्र क्रेप बँडेज. जवळ गेलो तर अत्तराचा घमघमाट. जन्मात कधी अत्तर न लावलेला माणूस! मी खाली बसून बँडेज सोडायला लागलो. त्याने माझा हात धरला. मला तो डाक्टरच म्हणायचा.

"राहू दे ना, डाक्टर. थोडंसं पानीच येऊन राह्यलं."

आतली पट्टी पिवळी पडून चिकटली होती. नडगी लालभडक, हात ठेववत नव्हता इतकी गरम.

"काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"पोरीयले म्हनतो कण्हू नका. अन् मीच कण्हू?"

मी त्याला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. अंगातला ताप त्याने बायकोला मलेरियाचा म्हणून सांगितला होता. ऑपरेशनच्या वेळी शुगर निघाली होती, तीही घरी सांगितली नव्हती. लगेच गाडी करून यवतमाळ गाठलं. डॉक्टरांनी जखम उघडून धुतली, प्लेट काढली, करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. पण पू रक्तात भिनला होता. रामधन वाचला नाही.

गोळीबारातून धडधाकट परतलेला माणूस ओल्या पट्टीने गेला. लोक कौतुकाने सांगतात, शेवटपर्यंत हूं की चूं केलं नाही. ऐकलं की माझं डोकं फिरतं. अरे, जरा कण्हला असता तर आज माझ्यासोबत चहा पीत बसला असता.

शिट्टी आता माझ्याकडे आहे, मुलींना मीच पळवतो. परवा एक मुलगी लंगडताना दिसली. विचारलं तर म्हणाली, "काही नाही सर. रामधन सर सांगत, कण्हायचं नाही."

मी तिला तिथेच बसवलं आणि मोजा काढायला लावला. टाचेला चिकटलेला मोजा ओढताना तिच्या तोंडून "आई गं" निघालं. ते ऐकून मला किती दिवसांनी बरं वाटलं.