भागाबाई आणि सोमाचा उजवा हात

मांडीच्या धमनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेतात आणि तिथली रक्ताची गुठळी ओढून काढतात, असं हल्ली ऐकलं की मला मासेमार ढिवरांची भागाबाई आठवते. ही युक्ती तिनं मला पन्नासच्या दशकातच, सावली गावच्या दवाखान्यात सुचवली होती. मी नागपूरहून नवा आलेला डॉक्टर, अंगात शिकल्याची मस्ती. तिचा नवरा सोमा लकव्यानं पडला होता; तोंड वाकडं, उजवा हात लुळा. मेंदूतली शीर तुंबलीय, असं मी समजावलं. ती म्हणाली, "मंग मोकळी करा न जी. तलावाची मोरी तुंबली त आमी लांब बांबू घालतो. तुमच्यापाशी तसी बारीक काडी नाई का?" मी चक्क हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

तसली काडी तेव्हा आमच्या स्वप्नातही नव्हती. मी गोळ्या दिल्या, पडून राहायला सांगितलं आणि भागाबाईला बाजूला घेऊन हा हात आता गेला म्हणून सांगून टाकलं.

तिला ते परवडणारं नव्हतं. उन्हाळ्यात तलाव आटला की ढिवरांचं मोठं जाळं पडे. ज्याचा हात दोरावर, मासळीचा हिस्सा त्याच्याच घरी. एकदा जागा सुटली की ती दुसऱ्याची. बाईनं दोर धरायची रीत नव्हती आणि घरात दुसरा पुरुष नव्हता.

आठवड्यानं मी तिच्या घरी गेलो, तर रुग्ण अंगणात! लुळ्या हाताला जाळ्याची दोरी गुंडाळलेली, समोर भागाबाई दुसरं टोक ओढत बसलेली आणि तोंडाचा पट्टा सुरू. हातावर लकव्याचा गावठी उपाय म्हणून कबुतराचं रक्तही फासलेलं. मी भडकलो. ती शांतपणे म्हणाली, "हात निजला हाय भाऊ, मेला नाई. निजलेल्याले हाका मारा लागते." कबुतराचं विचारलं, तर म्हणे गोळ्याही देते, हेही लावते, गुण ज्याचा येईल त्याचा येवो. तेवढ्यात चुलीवरचा भात लागला म्हणून टोक माझ्या हाती देऊन ती आत पळाली. सरकारी डॉक्टर दोरी ओढत बसला! पुढे मी आपणहूनच जाऊन बसू लागलो. उन्हाळ्यापर्यंत सोमाची बोटं हलायला लागली, मूठ मात्र वळेना.

जाळं पडायच्या दिवशी मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेलो. सोमा डाव्या हातानं दोर धरून रांगेत उभा होता. ढिवरांचा म्होरक्या लक्ष्मणभाऊ त्याच्यापाशी येऊन म्हणाला, "सोमा, दोनी हातानं धरा लागते. रीत सगळ्याइले एकच." सगळे थांबले. सोमानं उजवा हात कसाबसा दोरावर ठेवला. बोटं थरथरली, पण वळली नाहीत. हात घसरला. माझ्या शेजारी उभ्या भागाबाईचं तोंड त्या दिवशी पहिल्यांदाच बंद होतं.

लक्ष्मणभाऊ आपली पुढची जागा सोडून सोमाच्या मागे येऊन उभा राहिला. सोमाचा हात उचलून दोरावर ठेवला, त्यावर आपला हात घट्ट आवळला आणि म्हणाला, "ओढा."

संध्याकाळी हिश्श्यातली एक मोठी मरळ घेऊन भागाबाई दवाखान्यात आली. डोळे सुजलेले, ऐट मात्र राणीची.

"आपल्याच हातानं ओढलं जी त्यानं. पायलं न तुमी?"

मी सहसा खोटं बोलत नाही. "पाहिलं की," म्हणालो.