बारा इंची माणसाचं माप

माझ्या मुलीच्या कपाटात एक-एक फूट उंचीची अकरा माणसं उभी आहेत. सैनिक, अंतराळवीर, एक शिंगांचा राक्षससुद्धा. त्यांना बाहुल्या म्हटलं की ती चिडते. 'आई, फिगर म्हण.' न्हावा शेवाला कंटेनरच्या ऑफिसात लागली तेव्हापासून तिला हा नाद. तीन वर्षांपूर्वी हॉलंडच्या बंदरात नोकरी मिळाली, तेव्हा एक लाडका सैनिक तेवढा बॅगेत घालून घेऊन गेली. उरलेल्यांची धूळ मी पुसते.

मांडव्याजवळच्या आमच्या गावात मी ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश शिवते. मुलीचा एकदा फोन आला, की त्या सैनिकाच्या कोटाचं रेक्झिन सोलून निघतंय, नवा शिवशील का? तिने मापं सांगितली, मी गिऱ्हाइकांच्या वहीत लिहून घेतली. छाती साडेसहा, बाही साडेतीन.

वाटलं, हा तर डाव्या हातचा मळ. पण मशीनला लावल्याबरोबर बाही सुईखाली ओढली जाऊन तिचा बोळा झाला. शेवटी हातानेच टाके घातले. टिचबटण त्याच्या छातीवर ताटलीएवढं दिसायला लागलं, म्हणून काळे मणी लावले. आणि एवढं सगळं करून सवयीप्रमाणे शिवणीत बोटभर कापड आत सोडलं. गणवेशाला सोडावंच लागतं. पोरं वाढतात, मग उसवून सैल करता येतो.

ओळखीच्या माणसाबरोबर कोट पाठवला. तिकडे आतल्या जाड शिवणीमुळे सैनिकाचे हात खालीच येईनात. मुलगी फोनवर हसत सुटली.

"आई, हा काय पुढच्या वर्षी पाचवीत जाणार आहे?"

त्या आठवड्यात तिचे तीन फोन आले. बगल किती कापू, कॉलर कशी वळवू, एकेक गोष्ट मी तिला विचारून घेतली. मधेच ती काय जेवली, तिकडे ऊन पडलं का, हेही निघायचं. दुसरा कोट चपखल बसला. त्यानंतर महिनाभर फोनवर नुसते अंगठे आले.

मग मी तिच्या सैनिकाची पँट शिवली आणि एक पाय अर्धा इंच आखूड ठेवला. ती पोचल्याबरोबर फोन आला. पुढच्या शर्टाचा गळा चुकवला. जाऊबाई ओटीवर येऊन म्हणाल्या, "बाहुल्यांचे कपडे शिवत बसलीस, नि माजा ब्लाऊज कवा व्हणार?"

शेवटी मुलीनेच पकडलं.

"आई, तू तीस वर्षं शिवतेस. असं चुकेलच कसं तुझं?"

मी म्हटलं, "मुद्दाम चुकवते. बरोबर शिवलं की तू फोन करत नाहीस."

"तसं सांगायचं ना गं," ती म्हणाली. मला त्या क्षणी लाज वाटली आणि बरंही वाटलं. तेव्हापासून दर रविवारी ती फोन करते, कारण असो नसो.

आता दिवाळीला ती येणार आहे, दहा दिवस. माझी पैठणी नेसायची म्हणते, ब्लाऊज शिवून ठेव म्हणाली. मी वही उघडली. सैनिकाची मापं मला तोंडपाठ, आणि पोटच्या पोरीचं माप तीन वर्षांपूर्वीचं. तिच्याकडे टेप नव्हती. चार्जरची वायर अंगाभोवती गुंडाळून, ती पट्टीवर धरून तिने आकडे सांगितले. मी लिहिता लिहिता थांबले. कंबर तीन इंच कमी.

"तू जेवतेस ना नीट?"

"आई, वायर ताणली गेली असेल."

वायर ताणून तीन इंच जात नाहीत, हे मला कळतं. पण तिकडे बसून ती खरं सांगणार नाही आणि इकडे बसून मला दिसणार नाही. स्क्रीनवर तिचा चेहराच तेवढा येतो.

ब्लाऊजपीस घडी घालून ठेवलाय. कात्री लावलेली नाही. ती मांडव्याच्या जेट्टीवर उतरून घरी आली की आधी माप घेईन. कंबरेचं माप घ्यायला टेप पाठीमागून पुढे आणावी लागते, आणि त्यासाठी दोन्ही हात माणसाभोवती घालावे लागतात.