आधी चांगला पाय

"पाय दाखवा आबा," म्हटलं की आबा उजवा पाय स्टुलावर ठेवायचे. उजवा पाय ठणठणीत होता. जखम डाव्या अंगठ्याला होती.

"हा नाही, तो."

"हा बी बघून घ्या ना सिस्टर. बराबर हाय का न्हाई?"

उजव्याचं कौतुक झाल्याशिवाय डावा बाहेर निघायचा नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा म्हातारा असेल, दवाखान्यात स्थळ दाखवायला आल्यासारखा चांगलं तेवढं पुढे करणारा.

मी वाटूरच्या पुढे एका गावात आरोग्य उपकेंद्रावर नर्स आहे. आबा तिथले जुने पोस्टमन. पाच गावांचं टपाल त्यांनी जन्मभर पायी वाटलं. उतारवयात सायकल मिळाली, तर तीही हाताने धरून चालवत न्यायचे. साखरेचा आजार जडला तेव्हा म्हणाले, "चालनाऱ्याला काही होत न्हाई." मग चप्पल चावली, अंगठ्याला फोड आला आणि तो दोन महिने भरेना.

बायको गेल्यावर तीन मुलांनी आबांची पाळी लावली होती. तिन्ही घरं गावातच. एकेकाकडे पंधरा दिवस. अशा पाळीवर लोक नाक मुरडतात. मी मुरडत नाही. आबांना तिन्हीकडे धुतलेली चादर आणि गरम भाकरी मिळायची. पाळी असलेल्या घरात हे मिळतं, हे मी स्वतः पाहिलंय.

परतूरच्या डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं. महिन्याभरात साखर उतरली नाही, तर अंगठा काढावा लागेल. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला आले तेव्हा आबांनी पहिल्यांदाच न सांगता डावा पाय ठेवला.

"सिस्टर, अंगठा गेला तर चप्पल कशात धरायची?"

मी सुनांच्या घरी गेले. थोरली म्हणाली, "गोळी मी सोता हातावर ठिवते." मधली म्हणाली, "चहात साखरेचा दाना न्हाई." धाकटीने तर मोबाइलवर गोळीचा गजर लावला होता. तिघीही खरं बोलत होत्या. तरी साखर कधी दीडशे, कधी तीनशे. आबांना विचारावं, तर "समदं बराबर हाय."

शेवटी रजिस्टर घेऊन बसले. ड्रेसिंगच्या वेळी मी बोटाला सुई टोचून साखर बघायची, ते सगळं तारखेसह लिहिलेलं होतं. साखर चढायची महिन्याच्या सुरुवातीला आणि मध्याला. चार-पाच दिवस चढलेली राहायची. पाळी बदलायची एक तारखेला आणि सोळाला.

"आबा, सोळा तारखेला काय जेवलात?"

आबा छताकडे बघायला लागले. "जेवन."

"कसलं?"

"थोरलीनं निघताना शिरा केल्ता. कोरडं कसं धाडावं म्हनून. मंग मधलीकडं गेलो, तर तिनं पुरन घातल्तं. उरलेल्या पोळ्या दोन-तीन दिवस चालल्या."

"आणि तुम्ही दोन्हीकडे खाल्लंत."

"एकीचं खायचं आन् दुसरीचं सारायचं? मन मोडतं सिस्टर."

मी तिघींना एकदम बोलावलं. वाटण्या झाल्यापासून त्या एकमेकींच्या दारात गेल्या नव्हत्या. बाकावर बसल्या त्याही मध्ये पिशव्या ठेवून. मी म्हटलं, "तुमच्या पाहुणचाराने सासऱ्याचा अंगठा चाललाय."

"मी एकटीनं बंद केलं तर हिचं पुरन गावभर गाजंल," थोरली म्हणाली.

"तुमचा शिरा काय कमी गाजतो?" मधली म्हणाली.

"मंग तिघीबी एकदम बंद करू ना," धाकटी म्हणाली. "पन कोरडं न्हाई धाडायचं. शेंगुळे करू. जवारीच्या पिठाचे, लसनाचे, झणझणीत."

"शेंगुळे? पाव्हन्याला?" मधली उसळली.

थोरली म्हणाली, "पाव्हने कुठंयत ते? घरचेच हायत."

मधलीने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. ठरलं.

आबा माझ्यावर रुसले. "माझा मान घालवला तुम्ही. आता तिन्ही घरी शेंगुळे खाऊन राह्यलो." पण साखर उतरली आणि तिथेच टिकली. महिन्याने डॉक्टरांनी अंगठा राहू द्या म्हटलं. पुढे जखम भरली, तेव्हा आबा मुद्दाम दाखवायला आले. कोणता पाय पुढे करावा, यात थोडा वेळ गोंधळले आणि दोन्ही ठेवले.

गेल्या थंडीत, पाळी बदलायच्या दिवशी, आबा मधलीकडून धाकटीकडे चालत गेले. शेंगुळे खाल्ले, उन्हाला बाज टाकून आडवे झाले आणि उठले नाहीत.

मी पोचले तेव्हा अंगणात बायका पाया पडत होत्या. मीही वाकले. सवयीने नजर आधी डाव्या पायावर गेली. मग उजव्यावर. थोरली शेजारी उभी होती. पदराने तोंड पुसून तिने हळूच विचारलं, "बराबर हायत ना, सिस्टर?"

"बराबर आहेत," मी म्हटलं. "दहाच्या दहा."