वाड्याला जिना नसतो

आमच्या येडूमामांना कुणाच्या बंगल्याचा, गाडीचा, जमिनीचा मत्सर वाटल्याचं मी कधी पाहिलं नाही. समोरच्या रुद्रप्पांनी नवी मोटारसायकल घेतली तेव्हा तिला पहिला हार मामांनीच घातला. पण चार माणसांत दुसरं कुणी गोष्ट सांगू लागलं आणि लोक माना पुढे काढून ऐकू लागले, की मामांच्या पोटात दुखलंच म्हणून समजा. लग्नकार्यात असा कुणी बोलका पाहुणा भेटला तर मामा जेवण अर्धं टाकून हात धुतात. मी त्यांची सून, सोनाली. सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणायची आमच्यात रीत आहे.

मामांचा जन्म सांगोल्याकडच्या कोरड्या माळावरचा. लहानपण सगळं मेंढरांमागं गेलं. पुढे मेंढरं विकली, मामा सोलापुरात आले आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभे राहिले. ते अजून तिथंच आहेत. मागांचा खडखडाट असा, की शेजारच्या माणसाशीही हातवारे करून बोलायचं. बोलक्या माणसाला दिवसभर गप्प ठेवल्यावर दुसरं काय होणार? संध्याकाळी शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत सायकल टेकवली, चहा पोटात गेला, की मामांचं तोंड सुटायचं.

गोष्टी सगळ्या भुताखेताच्या. खांद्यावर घेतलेलं कोकरू वाटेत जड जड होत गेलं, ओढ्याकाठी पाठमोरी बाई दिसली आणि चुलत्यानं तिला तंबाखू मागितली, अशा. आणि ऐकणाऱ्यानं मधून मधून हुंकार द्यायचा, हा कायदा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. मी नवी नवरी असताना रंगून गप्प ऐकत बसले, तर मामा मध्येच म्हणाले, "झोपलीस व्हय गं?" मी दचकून "हूं" म्हणाले, तेव्हा कुठं कोकरू पुढं सरकलं.

पण खरा हुंकार केराआत्यांचा. त्या भाकरी थापतील, तांदूळ निवडतील, कूस बदलतील, पण "हूं" नेमका जागच्या जागी पडणार. म्हणे त्यांना बघायला गेले तेव्हाही मामांनी पाहुण्यांत गोष्ट लावली होती आणि मान खाली घालून बसलेल्या मुलीनं सगळ्यांदेखत "हूं" केलं. थोरांनी काय ठरवायचं ते ठरवलं असेल, मामांचं लग्न तिथंच ठरलं. माणसाला बायकोच्या रूपाचा अभिमान असतो, स्वयंपाकाचा असतो. मामांना त्या हुंकाराचा होता, आणि ते आल्यागेल्याला तसं सांगायचे.

अशा घरात मी ते पुस्तक आणलं.

पुस्तकांच्या प्रदर्शनात दिसलं. जुन्या परदेशी भयकथा आणि कविता, मराठीत आणलेल्या, सगळ्या एकाच जाडजूड ग्रंथात. काळं कव्हर, त्यावर वाळलेल्या झाडाचं चांदीच्या रंगातलं चित्र. हातात घेतलं तर भरलेल्या डब्यासारखं वजन. मला भीतीचं वेड लहानपणापासूनचं. मेडिकलच्या दुकानात दिवसभर खोकल्याच्या औषधांची बिलं केल्यावर घरी येऊन कुठलंही पान उघडायचं आणि धुक्यातल्या एखाद्या पडक्या घरात शिरायचं, यासारखं सुख नाही. दोन कथांमध्ये एखादी कविता यायची. तीही मेलेल्या माणसाचीच, पण अशी हळुवार, की भीती निवून नुसतं वाईट वाटत राहायचं.

त्याच महिन्यात आत्या नळापाशी घसरल्या. पायाला प्लास्टर घालून त्या खाटेवर पडल्या, आणि एका संध्याकाळी म्हणाल्या, "एकलीच काय वाचतीस? मोठ्यानं वाच की."

माझ्या कपाळाला आठी पडली, खोटं कशाला सांगू? ते सुख मला कुणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं. पण वाचलं. "त्या वाड्यात कित्येक वर्षं कुणी राहत नव्हतं. वारा मात्र रोज दार वाजवायचा."

आत्या म्हणाल्या, "हूं."

त्याच वेळी मामा सायकल टेकवून दारात उभे होते. त्यांचा चेहरा असा झाला, की मी पुस्तक मिटणार होते. आत्याच म्हणाल्या, "थांबलीस का? फुडं काय झालं?"

त्या दिवसापासून आमच्या घरात सवत आली. ती होती चारपाचशे पानांची आणि बसायची आत्यांच्या उशाशी. मामा येता-जाता टोमणे मारायचे. "ती गोरी भुतं लई थंडीत ऱ्हात्यात. सर्दी हुत न्हाई व्हय त्यास्नी?" नाहीतर, "तू हूं म्हन न्हाईतर घोरत पड, पुस्तकाला काय कळतंय?" एकदा पुस्तक सापडेना. सगळं घर पालथं घातल्यावर ते पिठाच्या डब्यामागं निघालं. मामा म्हणाले, उंदरानं नेलं असंल. एवढं जड पुस्तक नेणारा उंदीर आमच्या पेठेत तरी नाही. माझा नवरा बिरुदेव पोट धरून हसला, आणि मामा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

शेवटी मामांनी ठरवलं, की काट्यानं काटा काढायचा. एका रविवारी त्यांनी खाटेजवळ बैठक मारून स्वतःची कोकराची गोष्ट लावली. पण हे कोकरू आम्ही ओळखलंच नाही. सांगोल्याच्या माळावर दाट धुकं पडलं होतं. काळ्या घोड्यांची बग्गी येऊन थांबली होती. चुलत्याच्या हातात तंबाखूऐवजी कंदील होता. "आन् मग काय," मामा आवाज खोल करून म्हणाले, "आमच्या वाड्यावर जिन्यावनं पावलं वाजाया लागली."

"कुटं?" आत्यांनी विचारलं.

"वाड्यावर, जिन्यावनं."

"मेंढरांच्या वाड्याला जिना कुटनं आला हो?"

आत्या हसल्या ते प्लास्टरचा पाय धरून हसल्या. धनगरांचा वाडा म्हणजे माळावरचा मुक्काम. मेंढरांभोवती जाळीची वाघर लावायची, बिऱ्हाड उघड्यावर मांडायचं, चारा संपला की सगळं उचलून घोड्यावर लादायचं. त्याला भिंत नाही, मग जिना कुठला? मामा उठून बाहेर गेले आणि बराच वेळ सायकलची चेन पुसत बसले. मलाही हसू आवरलं नव्हतं, पण त्यांची पाठ बघून जिवाला लागलं. इतक्या वर्षांची गोष्ट त्यांनी स्वतःच्या हातानं मोडली होती, आणि तीही बायकोच्या एका हुंकारासाठी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुस्तकातली एक लांब कथा वाचत होते. दोन बहिणी एका जुन्या वाड्यात राहतात. धाकटी तापानं मरते. मग रोज तिन्हीसांजेला तिची पावलं जिना चढून येतात, थोरलीच्या दारापाशी थांबतात, आणि थोरली काही दार उघडत नाही. मामा कोपऱ्यात चहा पीत, ऐकत नसल्याचं सोंग करत ऐकत होते.

आत्यांनी मध्येच विचारलं, "कुत्री भुकली न्हाईत व्हय?"

"कुठली कुत्री?" मी म्हणाले.

"वाड्यावरची. वाघरंपाशी बांधल्याली आसत्यात की."

मी थबकले. आत्यांच्या डोळ्यांपुढं इतके दिवस तो दगडी वाडा नव्हताच, मेंढरांचा वाडा होता. वारा दार वाजवायचा तो वाघर हलवत होता. सांगावं की नको, असा मी विचार करत होते. मला ऐकणारी मिळाली होती, ती घालवायची नव्हती. पण मामांनी कपबशी ठेवली. त्यांच्या तोंडावर असा आनंद मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"आगं येडे," ते म्हणाले, "त्यो मेंढरांचा वाडा न्हवं! सायबाचा दगडी वाडा हाय, माडीचा! तुला त्यातलं एक अक्षर कळलं न्हाई आन् बसलीयास हूं हूं करत!"

आत्यांनी पदरानं तोंड पुसलं. मला मामांचा असा राग आला, की ते पुस्तक त्यांच्या डोक्यात घालावं.

मग आत्या शांतपणे म्हणाल्या, "मला ठावं हाय. जिना आसल्याला वाडा मेंढरांचा न्हवं, ते म्याच काल सांगितलं न्हवं का?"

"मग कुत्री कशाला इचारलीस?"

"त्या पुस्तकातली मानसं कुनाचीच न्हाईत. त्या वाड्यात कुनालाबी ठेवता येतंय. म्या माज्या बापाचा वाडा ठेवला. निंगव्वा ठेवली."

"कोन निंगव्वा?"

"माजी धाकटी भैन. भीमंच्या काठाकडं वाडा चालला हुता, वाटंत ताप आला तिला. गेली. चारा न्हवता म्हनून दुसऱ्या दिशी वाडा हलला, ती तितंच ऱ्हायली. कुत्री मातर येईनात. तितंच बसून ऱ्हायली."

मामांच्या गोष्टींतला चुलता, आजा, त्यांच्या माळावरचं एकूण एक कोकरू मला नावानिशी पाठ होतं. आत्यांच्या माहेरचं माणूस एकाही गोष्टीत नव्हतं. मला ते तोवर जाणवलंच नव्हतं, आणि मामांनाही नसावं. कारण ते बोलले ते रुसल्यासारखं, आत्यांनी दुसऱ्याच कुणाला आधी सांगितल्यासारखं.

"इतकी वर्सं झाली. मला कवा बोलली न्हाईस ती?"

"तुमी कवा गप बसला?" आत्या म्हणाल्या.

मामा गप्प बसले. मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं, आणि आत्या निंगव्वाचं सांगू लागल्या.