डाव्या बाजूचा बैल

हसनाबादच्या साहेबरावाला धुरकरी म्हणून सगळ्या तालुक्यात मान होता. शंकरपटाच्या शर्यतीत बैल कुणाचेही असोत, दोन चाकांच्या छकडीवर उभं राहून ते पळवायचं काम धुरकऱ्याचं. मालक अण्णासाहेबांची जोडी आणि साहेबरावाच्या हाती कासरा म्हटलं, की बाकीच्यांनी दुसऱ्या नंबरासाठीच भांडावं, असे ते दिवस होते. मग एका पटात शेवटच्या निशाणापाशी छकडी उलटली आणि साहेबराव चाकाखाली आला. हाड जुळलं, तो पुन्हा उभा राहिला, पण जोडी काही पहिली येईना.

निशाण जवळ आलं की डावा बैल मागं पडायचा. साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत पडायचा, तेव्हा खोट बैलातच, यावर कुणाचं दुमत नव्हतं. आमच्याकडं रीतच तशी. हरलं की आधी दृष्ट काढायची, मग छकडीचा सुतार बदलायचा, मग बैल. धुरकऱ्याला मात्र ब्र काढायचा नाही. जिवावर उदार होऊन उभा राहणाऱ्याच्या हाताला नावं ठेवली तर पटाचा देव कोपतो म्हणे! अण्णासाहेबांनी लिंबं उतरवली, हलकी छकडी करून घेतली आणि डाव्या बाजूचे दोन बैल एकामागोमाग बाजार दाखवून विकले.

तिसरा हरण्या. घरच्या गाईचा, साहेबरावानंच वासरापासून वाढवलेला. पिंपळगाव रेणुकाईच्या पटाला निघताना अण्णासाहेब म्हणाले, "आज बी मागं पडला तं तिथंच व्यापाऱ्याला देऊन टाकू. गावात तोंड दाखवायची सोय न्हाई राह्यली."

खोट कुठं होती ते साहेबरावाला पक्कं ठाऊक होतं. निशाण दिसलं की ती उलटणारी छकडी त्याच्या डोळ्यांपुढं यायची आणि डावा हात त्याला न विचारता कासरा आवळायचा. बैल बिचारा हुकमाचा ताबेदार, ओढलं की ढिला पडायचा. आधीचे दोघं विकले गेले तेव्हा साहेबराव मिठाची गुळणी धरून बसला होता.

मैदानावर एकेक जोडी सुटत होती. व्यापारी येऊन हरण्याचे दात बघून गेला. तेवढ्यात गर्दीत साहेबरावाला वसंता दिसला. कासरा धरायला साहेबरावाकडंच शिकलेला, आणि मग दुसऱ्याच्या छकडीवर चढून त्यालाच हरवलेला. तेव्हापासून दोघांचं बोलणं तुटलं होतं. यंदा वसंताच्या मालकाचा बैल लंगडत होता, म्हणून गडी नुसताच बघायला आलेला.

साहेबराव त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. "वसंता, आमची जोडी तू हाक."

"अन् तुमी, दादा?"

"माझा हात भिऊन राह्यला. हरण्या न्हाई मागं पडत. मीच वढतो त्याला."

वसंता हसला नाही, हे त्याचे उपकार. "अण्णासायबाला सांगितलं का?"

"आता सांगतो."

ऐकून अण्णासाहेबांचा चेहरा पडला. "अन् इतके दिस गप बसून राह्यलास?" एवढंच ते म्हणाले. तोवर शेवटचा पुकारा झाला, त्यांच्याच जोडीचा. अण्णासाहेबांनी त्याच्याकडं पाठ फिरवली. "वसंता, चढ जल्दी."

पळत आलेली जोडी धरायला निशाणापलीकडं माणसं लागतात. साहेबराव तिथं जाऊन उभा राहिला. पल्याड धुरळा उठला. वसंताची आरोळी ऐकू आली. अर्ध्या वाटेवर दोन्ही बैल बरोबरीनं होते. पण अर्ध्या वाटेवर ते नेहमीच बरोबरीनं असायचे. निशाण जवळ आलं. साहेबरावाची डावी मूठ रिकाम्या हवेत करकचून आवळली गेली.

हरण्या थांबला नाही. मान पुढं काढून तो निशाणावरून सुसाट निघाला आणि थेट साहेबरावाच्या अंगावर आला. साहेबरावानं झेप घेऊन त्याची वेसण धरली, फरफटत गेला, पण सोडली नाही. घड्याळाची वेळ बघून भोंग्यावर पहिला नंबर पुकारला गेला. लोकांनी वसंताला खांद्यावर घेतलं, अण्णासाहेब फेटा उडवत नाचू लागले, व्यापारी मुकाट्यानं निघून गेला.

हरण्या वाचला होता. आणि आपण आता जन्मात छकडीवर चढणार नाही, हेही साहेबरावाला कळून चुकलं होतं. बैलाच्या गळ्यात पडून तो हमसून हमसून रडला. लोकांना वाटलं, पहिला नंबर आल्याचा आनंद.